पंचवीस ग्रॅमचा गोळा

त्या पदार्थाचं सगळं मला पाठ होतं. एका गोळ्याचं वजन, व्यास, त्यात पाणी किती, स्निग्धांश किती, विशिष्ट उष्णता किती, तासाला किती किलो माल पट्ट्यावर येणार. चव तेवढी माहीत नव्हती. आमच्या डेटाशीटमध्ये चवीला रकानाच नसतो.

डेटाशीटवर ओळ होती ती अशी : चीज ब्रेड, कच्चा गोळा, २५ ग्रॅम, आत येताना २२ अंश, बाहेर पडताना गाभ्यात उणे १८. या एका ओळीवर पुण्याच्या ऑफिसात बसून आम्ही कॉइल केवढी, पंखे किती, पट्टा किती लांब हे सगळं काढलं. यंत्र युरोपात बनलं, बोटीने ब्राझीलला गेलं आणि ते चालू करून द्यायला मला पाठवलं. राज्याचं नाव मिनास जेराइस. त्याची राजधानी बेलो होरिझोन्ते, आणि तिथून मोटारीने तासाभरावर तो कारखाना. महिना जुलैचा. आपल्याकडे धो धो पाऊस, तिकडे कोरडा हिवाळा. दिवसा डोळे दिपवणारं ऊन आणि रात्री स्वेटर.

मी थंडीच्या धंद्यातला माणूस. डिप्लोमा झाल्यावर पहिली नोकरी तासगावकडे, बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये. नाकाला अमोनिया झोंबला की लोक पळतात, मला घरी आल्यासारखं वाटतं. पुढे रत्नागिरीला कोळंबी गोठवणाऱ्या कारखान्यात दीड महिना काढला. तिथला वास कपड्यांत, केसांत, अगदी डबा ठेवायच्या पिशवीत बसला. तेव्हापासून मी एक नियम केला : जे गोठवायचं ते खायचं नाही. मटार, मक्याचे दाणे, आंब्याच्या फोडी, पराठे, बरंच काही माझ्या यंत्रांतून गेलं. ताटात आलं नाही. बायको याला माज म्हणते. आई म्हणते बरोबर आहे तुझं, फ्रीजमधलं ते शिळंच. आईच्या लेखी जगात अन्नाच्या दोनच जाती, ताजं आणि शिळं. वाळवण मात्र तिच्या मते शिळ्यात मोडत नाही. का मोडत नाही ते मी एकदा विचारलं होतं, त्यावर तिने नुसतं बघितलं.

तर नियमाप्रमाणे मी तिकडेही काम करून, हात धुऊन, परत येणार होतो.

पहिल्याच दिवशी फजिती झाली ती भाषेने. कारखान्यात इंग्रजी येणारी एकच मुलगी, क्वालिटी विभागातली, आणि ती तेव्हा जागेवर नव्हती. मेन्टेनन्सचा मुख्य माणूस पाइपलाइनखाली आडवा पडलेला. हात बाहेर काढून तो ओरडला, "शावी! शावी!" मला एकदम कळलं म्हणून मी खूष. खिशातून हॉटेलच्या खोलीची चावी काढून त्याच्या हातावर ठेवली. तो बाहेर आला, चावीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि इतका हसला की त्याला उठून बसावं लागलं. त्याला पाना हवा होता. पोर्तुगीजमध्ये कुलपाची किल्लीही शावी आणि नट फिरवायचा पानाही शावीच. आपण त्यांच्याकडून चावी घेतली ती अर्धीच घेतली. त्या दिवसापासून मी त्याला मनातल्या मनात मेस्त्री म्हणायला लागलो. तोही शब्द मूळचा त्यांचाच, त्यामुळे पुढे एकदा तोंडून निघून गेला तेव्हा त्याला काही खटकलं नाही. मला ते 'इंदियानु' म्हणायचे.

यंत्र स्पायरल फ्रीझरचं. बाहेरून बघितलं तर एक पांढरी खोली. आत जाळीदार पट्टा गोल गोल जिन्यासारखा वर चढत जातो. खालून कच्चे गोळे आत शिरतात, उणे ३५ अंशांच्या वाऱ्यात फेऱ्या मारत वर पोचतात आणि गारगोट्यांसारखे टणक होऊन बाहेर पडतात. कॉइलमध्ये अमोनिया उणे ४० ला उकळत असतो. एवढ्या खाली त्याचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, म्हणजे त्या बाजूला बारीक गळती झाली तर अमोनिया बाहेर येत नाही, बाहेरची हवा आत जाते. गळती नाकाला कळत नाही म्हणून ती जास्त वाईट. हे नव्या पोरांना पटवायला मला दर वेळी अर्धा तास लागतो.

आणि हा एवढा वारा कशाला? सगळी गडबड उणे १ ते उणे ५ या पट्ट्यात असते. पाण्याचं बर्फ होण्याचं मोठं काम तिथे होतं. तो पट्टा रेंगाळत ओलांडला तर बर्फाचे स्फटिक मोठाले होतात आणि पदार्थाची वीण आतून फाटते. झटक्यात ओलांडला तर स्फटिक बारीक राहतात. अमेरिकेत क्लॅरेन्स बर्ड्सआयने गोठवलेल्या अन्नाचा धंदा उभा केला तो याच गोष्टीवर. लॅब्राडोरच्या बर्फात इन्युइट लोक मासा पकडून वाऱ्यावर टाकत, तो जागच्या जागी गोठे आणि महिन्यांनी शिजवला तरी ताज्यासारखा लागे, हे त्याने बघून ठेवलं होतं. आम्ही अजून तेच करतो, फक्त वारा विकत देतो.

पहिल्या चाचणीत गाभा उणे ११ वर अडकला.

मी पट्ट्याच्या तोंडाशी जाऊन आत शिरणाऱ्या गोळ्यांत प्रोबची सुई खुपसली. एकात ३३. दुसऱ्यात ३३. तिसऱ्यात ३४. माझ्या कागदावर २२ होते. क्वालिटीच्या मुलीला म्हटलं, तुमचं पीठ गरम येतंय. ती म्हणाली, पीठ गरमच असतं. विक्री करताना आमच्या माणसाने विचारलं नव्हतं, विकत घेताना त्यांच्या माणसाने सांगितलं नव्हतं. दोघांनी कागदावर खोलीचं तापमान लिहून सह्या केल्या होत्या. अशा वेळी भांडण करता येतं किंवा पट्टा हळू करता येतो. मी पट्टा हळू केला. गोळा २८ मिनिटं आत राहायचा तो ४२ मिनिटं ठेवला, आणि माल तेवढाच निघावा म्हणून गोळे जरा दाटीने लावायला सांगितले. संध्याकाळपर्यंत गाभा उणे १८.४. आलेख छापून घेतला, मेस्त्रीशी हात मिळवला आणि हॉटेलवर येऊन नऊ वाजता झोपलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी निरोप आला, इंदियानुला चाचणीच्या स्वयंपाकघरात बोलावलंय.

त्या स्वयंपाकघराच्या प्रमुख एक साठीच्या आसपासच्या बाई होत्या. वयाने मोठ्या बाईला तिकडे नावाआधी 'दोना' लावतात. मी नुसतंच दोना म्हणायचो, आपल्याकडे शाळेत नुसतं 'बाई' म्हणावं तसं. ठेंगणी मूर्ती, केसांवर जाळी, हातावर भट्टीचे जुने डाग. टेबलावर तीन बश्या, प्रत्येकीत दोन गोळे, एकाच भट्टीतून एकाच वेळी काढलेले. पहिल्या बशीत न गोठवलेले, आत्ताच वळलेले. दुसऱ्या बशीतले त्यांच्या जुन्या थंड खोलीत रात्रभर ट्रेवर ठेवून गोठवलेले. तिसऱ्या बशीतले माझे.

मी हात जोडून सांगायला लागलो की मी खात नाही. क्वालिटीच्या मुलीने भाषांतर केलं. दोनाने ऐकलं, मान हलवली, आणि पहिली बशी पुढे केली. म्हाताऱ्या बाईने बशी पुढे केली की नाही म्हणायचं कसं, ते मला कुणी शिकवलेलं नाही.

पहिला गोळा बोटांना चटका देण्याइतका गरम होता. लिंबापेक्षा थोडा मोठा झालेला, पिवळसर, वर तांबूस ठिपके. मोडायला गेलो तर साल कुरकुरली आणि आतलं काही तुटेना. रबरासारखं ताणलं गेलं, मग फाटलं. आत भोकंच भोकं, ओलसर जाळी, तिच्यातून वाफ. तोंडात टाकल्यावर आधी आंबट. दह्याचा नव्हे, ताकाचाही नव्हे, कोरडा असा आंबटपणा. मग मीठ, मग चीज, आणि ते चीज आपल्या डबाबंद चीजसारखं लोण्याकडे झुकणारं नाही, जुन्या खव्यासारखं किंचित तिखटाकडे गेलेलं. गहू नाही, यीस्ट नाही, हे चावताना कळत होतं. दातांना एक चिवटपणा लागत होता आणि तो माझ्या दातांना अनोळखी नव्हता. कुठला ते मात्र आठवेना.

दुसऱ्या बशीतला बसका होता. खालून पसरलेला, मधे गिच्च, जीभ टाळूला चिकटवणारा. रेंगाळत ओलांडलेला पट्टा कसा लागतो ते पंचवीस वर्षं लोकांना आलेख काढून समजावत आलो होतो. जिभेवर तेव्हा पहिल्यांदा आला.

तिसरा, म्हणजे माझा, एका कुशीतून फुटला होता. गोल राहिलाच नव्हता. सालीला चीर पडून आतलं पीठ बाहेर आलं होतं आणि त्याचं शिंग झालं होतं. चव तीच, पण साल बिस्किटासारखी कडक आणि आत कोरडं.

"एसी त्रेंय..." असं म्हणून दोना काहीतरी बोलल्या. मुलगी थोडी घुटमळली, मग म्हणाली, "त्या म्हणताहेत, तुझ्या आगगाडीने माझा पाव वाळवला." आगगाडी कुठली, हे मला कळेना. मग कळलं की मिनासच्या बोलीत कुठल्याही वस्तूला त्रेंय म्हणतात. पिशवीही त्रेंय, दुखणंही त्रेंय. पण माझं यंत्र खरंच पट्ट्यावरून माल वाहणारी गाडी होती, त्यामुळे शब्द बसला.

"गाभा उणे अठरा होता," मी म्हणालो.

दोनाने उत्तर दिलं नाही. तिसरी बशी माझ्याकडे आणखी दोन बोटं सरकवली.

मी खाली गेलो आणि वजनकाटा मागवला. शंभर गोळे आत जाताना तोलले, बाहेर आल्यावर तोलले. फरक माझ्या अंदाजापेक्षा बराच जास्त. बेचाळीस मिनिटं कोरड्या वाऱ्यात फिरवल्यावर दुसरं काय होणार? गोळ्यांच्या सालीतलं पाणी उडून माझ्या कॉइलवर बर्फ होऊन बसत होतं. म्हणजे गिऱ्हाइकाचा वजनावर विकायचा माल मी त्याच्याच विजेवर कॉइलला चारत होतो, आणि वरून आलेख छापून सही घेत होतो. साल आधीच वाळलेली. भट्टीत आतली वाफ फुगायला लागली तेव्हा ती ताणली गेली नाही, फाटली. त्या संध्याकाळी मला झोप नऊला आली नाही.

दुसऱ्या दिवशी मी दोनाला म्हटलं, पीठ कसं मळता ते मला पहिल्यापासून बघायचंय. डेटाशीटच्या अलीकडे जायची ती माझी पहिलीच वेळ.

कारखान्यात मोठाले मिक्सर आहेत, पण त्यांनी मला दाखवायला घरून लाकडी परात आणली होती. एका लाकडातून कोरलेली, कडांना झिजून गुळगुळीत झालेली. तिला म्हणतात गामेला. आपलं घमेलं. माझ्या डोळ्यांसमोर बांधकामावर सिमेंट वाहणाऱ्या बायका आल्या आणि इथे त्याच शब्दात पांढरंशुभ्र पीठ. त्या पिठावर दोनाने दूध, तेल आणि मीठ यांचं उकळतं मिश्रण ओतलं. एकदम, धार न धरता. पीठ फसफसून आक्रसलं, त्याचे चिकट गठ्ठे झाले. याला ते पीठ 'पोळवणं' म्हणतात. आपण उकडीच्या मोदकाला काढतो त्या उकडीचीच ही दांडगी बहीण. मग ते थोडं निवलं की अंडी, मग किसलेलं चीज, मग तळव्याने रगडणं. माझे ३३ अंश कुठून येत होते ते समोर दिसत होतं. उकळतं दूध डेटाशीटवर कुणी लिहिलंच नव्हतं.

पीठ थंड करून घ्या असं मी म्हणालो असतो तर तेही चुकलं असतं, कारण पीठ पडून राहिलं की घट्ट होतं आणि गोळे पाडणारं यंत्र ते नीट ओढत नाही. मी कागदावर आकडे मांडत बसलो : पट्टा किती, पंखे किती. दोना माझ्या कागदाकडे बघत होत्या. मग त्यांनी मुलीला विचारलं, याला थंडच हवंय ना पीठ? मग अंडी आणि चीज मी थंड्या खोलीतून काढून थेट घालते की. आत्ता ती सकाळपासून बाहेर असतात.

मी हिशेब केला. चीज आणि अंडी मिळून पिठाचा चांगला मोठा भाग होतो. दोन्ही ४ अंशांवर असतील तर गोळा २४-२५ वर यायला हवा. आला २५ वर. मग पट्टा पुन्हा ३० मिनिटांवर आणला, वरच्या मजल्यांवरचे पंखे थोडे मंद केले, म्हणजे साल एकदा पकडली की तिच्यावर वारा मारत राहायचा नाही. पंख्यांचं काम माझं, खरी दुरुस्ती दोनांची. रिपोर्टमध्ये मी 'कच्च्या मालाचं पूर्वशीतन' असा शब्दप्रयोग केला. लाज वाटली, पण अंडी फ्रीजमधून काढली असं लिहिलं तर पुण्याहून फोन आला असता.

या पदार्थाला पांव जी केइजू म्हणतात. पांव म्हणजे आपला पावच. केइजू म्हणजे चीज. मिनासमध्ये तो कुठे नाही? बसस्टँडवर, पेट्रोलपंपावर, विमानतळावर, ऑफिसातल्या तीन वाजताच्या कॉफीसोबत. तिकडचे लोक सांगतात ती कथा अशी की अठराव्या शतकात सोन्याच्या खाणींमुळे मिनास गजबजलं, पण गहू तिथे पिकत नव्हता. मोठ्या मळ्यांच्या स्वयंपाकघरात, बहुतेक गुलाम बायकांच्या हातून, पावाच्या जागी कंदाचं पीठ आलं. चीज त्यात पुढे पडलं, जुनं झालेलं, कडक, किसून. ते चीज बनवायची हातपद्धत २०२४ मध्ये युनेस्कोच्या वारसायादीत गेली, हे मला क्वालिटीच्या त्या मुलीनेच नंतर कळवलं. आणि गोठवून विकायचा उद्योग? त्याची गोष्ट कारखान्यात सगळ्यांना तोंडपाठ : १९९० साली बेलो होरिझोन्तेच्या एका बाईने मुलामुलीला हाताशी धरून फोर्नो जी मिनास काढलं, १९९९ मध्ये ते अमेरिकन कंपनीला विकलं आणि २००९ मध्ये त्याच घराने परत विकत घेतलं. मेस्त्री ही गोष्ट अशा थाटात सांगायचा की जणू गहाण पडलेली जमीन सोडवून आणली.

पाकिटावर ठळक अक्षरांत सूचना असते : वितळवू नका, गोठलेलेच भट्टीत घाला. मला ती फार आवडली. आमच्या धंद्यात गोठवणं म्हणजे वेळ थांबवणं असं समजतात. इथे ते पाककृतीतली एक पायरीच होऊन बसलं होतं. बाहेरची साल धरेपर्यंत आतला गोळा थंडच राहतो, मग उशिरा वाफ धरतो आणि मग फुगतो.

पण फुगतो कशाने, हा प्रश्न राहिलाच होता. यीस्ट नाही, सोडा नाही. मी विचारलं तर मेस्त्री म्हणाला, रविवारी चल.

त्याच्या सासुरवाडीला पिठाचं छोटं काम होतं. मांदिओका नावाचा कंद, हातभर लांब, वरून लाकडासारखा. तो किसून, धुऊन, गाळून खाली बसतं ते पीठ. त्याचे दोन प्रकार : ताबडतोब वाळवलं ते गोड, आणि आंबवलं ते आंबट. आंबटाची टाकी बघितली. सिमेंटची, फरशी लावलेली, तळाला पिठाचा थर आणि वर पाणी. महिनाभर किंवा जास्तच तसं सोडून देतात. पाण्यावर फेस, बारीक बुडबुडे. वाकून बघितलं तर वास आला. तोही ओळखीचा. काही केल्या नाव आठवेना, आणि माणसाला वासाचं नाव आठवलं नाही की कसं होतं ते सांगता येत नाही.

अंगणात बांबूच्या उंच मांडवांवर कापड अंथरून ते पीठ वाळत घातलेलं. उन्हात त्याच्याकडे उघड्या डोळ्यांनी बघवत नव्हतं. माझ्यातला विक्रेता जागा झाला. मी मेस्त्रीच्या सासऱ्याला म्हटलं, एक गरम हवेचा ड्रायर बसवा, दिवसाचं काम दोन तासांत होईल, धूळ नाही, पावसाची भीती नाही. म्हातारा हसला. म्हणाला, करून बघितलंय लोकांनी. पीठ वाळतं. पाव फुगत नाही.

नंतर मी वाचून काढलं, म्हातारा खरं बोलत होता. आंबवण्यात तयार झालेलं लॅक्टिक आम्ल आणि उन्हातली अतिनील किरणं यांनी मिळून त्या स्टार्चमध्ये असा फरक पडतो की भट्टीत ते वाफेला कोंडून धरत ताणलं जातं. नुसत्या उष्णतेने ते होत नाही. मी आयुष्यभर उष्णता काढून घेण्याचा किंवा घालण्याचा धंदा केला. ऊन म्हणजे माझ्या हिशेबात फक्त छपरावरचा लोड होता.

मांदिओका म्हणजे काय, हे मला तोवर कळलं होतं. टॅपिओका. म्हणजे साबुदाणा. दातांना जो चिवटपणा ओळखीचा वाटला होता तो हा. हा कंद मूळचा तिकडचाच. त्रावणकोरच्या विशाखम तिरुनाळ महाराजांनी १८८०च्या दशकात आपल्याकडे त्याची लागवड वाढवली आणि दुसऱ्या महायुद्धात बाहेरचा स्टार्च बंद पडल्यावर तमिळनाडूत सेलमला साबुदाण्याचे कारखाने वाढले. म्हणजे मी ब्राझीलमध्ये ज्याला परकं म्हणून चाखायला घाबरलो ते आमच्या देव्हाऱ्यासमोरच्या ताटात होतं. आणि बटाटा, मिरची, शेंगदाणा यांचंही तेच. आपला उपास बराचसा दक्षिण अमेरिकेतून आलाय, हे लेखांतून वाचलं होतं. वाचणं वेगळं.

योगायोग असा की त्याच आठवड्यात आषाढी आली. सकाळी सातला मी घरी फोन लावला. तासगावात दुपारचे साडेतीन.

"उपासाचं मिळालं का रे काही?" आईने विचारलं.

"मिळालं. साबुदाण्याचा पाव खाल्ला."

"एकादशीला पाव?"

"साबुदाण्याचाच गं. गहू नाही त्यात. दूध, चीज..."

"आणि?"

मी गप्प.

"आणि काय?"

"अंडं."

पलीकडे बराच वेळ नुसता टीव्हीवरचा पंढरपूरचा गजर ऐकू येत होता. मग ती म्हणाली, "तुझ्या बाबांना सांगू नको," आणि किती खाल्लेस ते विचारलं. सहा, असं मी खरं सांगितलं. एकादशी अन् दुप्पट खाशी, असं म्हणून तिने फोन ठेवला.

हँडओव्हर झालं. शेवटच्या चाचणीत दोनाने पुन्हा तीन बश्या मांडल्या, या वेळी कुठली कुणाची ते न सांगता. मी पहिली आणि तिसरी यांत फरक ओळखू शकलो नाही. त्यांनी ओळखला, पण फॉर्मवर सही केली. निघताना माझ्या हातात किलोभर आंबट पिठाचं सीलबंद पाकीट ठेवलं आणि पाककृती बोलून दाखवली. मुलीने ती इंग्रजीत लिहून दिली. तो कागद माझ्या बॅगेतच राहिला आणि बॅग पुण्यात. पाकीट मात्र मी गणपतीला तासगावला घेऊन गेलो.

आईने पाकीट फोडलं, चिमूट घेऊन नाकाशी नेली आणि क्षणाचाही विचार न करता म्हणाली, "हा चीक आहे. तिसऱ्या दिवसाचा."

गव्हाचा चीक! कुरडयांचा. तीन दिवस भिजवून आंबवलेल्या गव्हाचा, एप्रिलमधल्या आमच्या माडीवरचा वास. त्या टाकीवर वाकून मी ज्याचं नाव शोधत होतो ते.

आता चीक म्हटल्यावर ती थांबणार थोडीच. आधण ठेवलं, मीठ-हिंग टाकलं, एका हाताने पीठ सोडत दुसऱ्या हाताने ढवळत राहिली. गव्हाचा चीक शिजून मऊ पडतो, साजूक तूप घालून खाता येतो. हा पारदर्शक झाला, मग लांबायला लागला, मग पळी सोडेना. पातेलं उचललं तर पळीला धरून वर आलं. वडील स्वयंपाकघराच्या दारात येऊन बघून गेले.

"खळ झाली," आई म्हणाली. तिने त्यात भरपूर पाणी ओतलं, बाबांची दोन धोतरं, तिच्या सुती साड्या आणि माझा पांढरा शर्ट त्यात बुडवून पिळला आणि माडीवर वाळत घातलं. दुसऱ्या दिवशी आरतीला मी तो शर्ट घातला. इस्त्री फिरवताना त्यातून त्या टाकीचा वास येत होता, आणि कॉलर मान वळवू देत नव्हती.